खंडेनवमीच्या आधी भिंतीवरची बंदूक

(खंडेनवमीच्या आठवड्यात आपल्या रेडिओवर झालेलं बोलणं, छापण्यासाठी थोडं नीट करून.)

आम्ही अंकुशनगरच्या गटातल्या बायका बोलतोय. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यातलं समर्थ साखर कारखान्याचं गाव. आता पंधरा-वीस दिवसांत कारखान्याची गडबड सुरू होईल, टोळ्या येतील, कोयते धारेला लागतील. त्याआधी नवरात्र, आणि नवरात्रात खंडेनवमी. त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पुजायची. विळा, कोयता, खुरपं, शिलाई मशीन, आणि ज्यांच्याकडे असेल त्यांची तलवार नाहीतर बंदूक.

पूजा करतात गडीमाणसं. घासूनपुसून ठेवायचं काम मात्र आपलंच. म्हणून आज बोलायचंय ते जुन्या बंदुकीबद्दल. ती पुसायची कशी, जपायची कशी, आणि हात लावायच्या आधी काय बघायचं. हा काय बायकांचा विषय आहे का, असं कुणी म्हणेल. आमच्या हातून एक चूक झाली आणि एक मोठं संकट थोडक्यात टळलं, म्हणून हा विषय घेतलाय. आधी तेच सांगतो.

आमच्या गटातल्या एक काकू आहेत. त्यांच्या माजघरात, दोन खुंट्यांवर, सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळची टोपीची बंदूक टांगलेली होती. टोपीची म्हणजे पुढून नळीतून दारू आणि गोळी ठासायची, मागं एका टोकावर टिकलीएवढी तांब्याची टोपी बसवायची, आणि चाप ओढला की घोडा त्या टोपीवर आपटतो. आपल्याकडे सगळ्यांनाच सरसकट ठासणीची बंदूक म्हणतात. ही साधी शिकाऱ्याची नव्हती, फौजेतली होती. नळी लांब, दस्ता जड, आणि घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर एक मुकुट, काही इंग्रजी अक्षरं आणि एक साल कोरलेलं. घरातले सांगायचे, रझाकारांच्या वेळी आजेसासरे हीच बंदूक घेऊन रात्री वेशीवर बसायचे.

तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या आधी काकू म्हणाल्या, लई काळी पडलीय, जरा घासून द्या गं. आम्ही चौघी-पाचजणी होतो. चिंच भिजवली, राख घेतली, वर पातेल्याची तारेची घासणी. तासाभरात नळी अशी लखलखली की विचारू नका. आम्हाला कोण आनंद! दिवाळी व्हायच्या आत त्याच नळीवर नारिंगी गंज आला, हाताला लागणारा. आणि पट्टीवरचा मुकुट, अक्षरं आणि ते साल? अर्धं आधीच झिजलेलं होतं, उरलेलं आम्ही चिंचेनं धुऊन टाकलं. आता ती बंदूक कुठल्या कारखान्यात, कुठल्या वर्षी झाली, हे कुणालाच सांगता येणार नाही.

खरी गोष्ट तर पुढंच आहे. गेल्या वर्षी काकूंचा भाचा सुटीवर आला, तो फौजेत आहे. त्यानं बंदूक बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, आत्या, ही रिकामी आहे का? काकू हसल्या. म्हणाल्या, अरे पन्नास वर्षांत कुणी वाजवली नाही. तो म्हणाला, म्हणूनच विचारतो. त्यानं नळीचं तोंड मोकळ्या भिंतीकडे केलं, स्वतः बाजूला उभा राहिला, एक बारीक लाकडी काडी हलकेच नळीत सोडली, टेकली तिथं खूण केली. मग तीच काडी नळीच्या बाहेरून धरली. काडी टोपीच्या जागेपर्यंत पोचायला हवी होती. ती चार बोटं अलीकडेच थांबली.

आत काहीतरी होतं.

त्याच बंदुकीला आम्ही मांडीवर घेऊन घासलं होतं. दोन लेकरं शेजारी खेळत होती. एकीनं तर ती सुकायला म्हणून चुलीजवळ टेकवून ठेवली होती. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

मैत्रिणींनो, ठासणीच्या बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. या तिन्हीत नासण्यासारखं काही नाही. कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. आणि जुन्या बंदुका भरलेल्या सापडतात हे काही नवल नाही. रानडुकरासाठी नाहीतर चोरासाठी भरून ठेवायची, वाजवायची वेळ आली नाही की तशीच टांगायची, आणि भरणारा माणूस पुढं कुणाला न सांगता निघून जायचा. मागं फुटलेली बंदुकीची गोळी नसल्यामुळं वरून बघून काहीच कळत नाही. म्हणून पहिला नियम हाच, की जुनी बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं. चाप ओढून बघायचा नाही, घोडा मागं करून सोडायचा नाही, तोंडात डोकावायचं नाही, नळीचं तोंड माणसाकडे, जनावराकडे करायचं नाही, चुलीपासून, उदबत्तीपासून, निरांजनापासून लांब. पूजेला निरांजन लावतातच की! आणि काडी घालून मापायचं कामसुद्धा आपण करायचं नाही. भाचा शिकलेला होता म्हणून त्यानं केलं. आपण शंका आली की हात काढायचा आणि पोलिसांना कळवायचं.

काकूंच्या घरी पोलीस आले, सोबत मुख्यालयातला शस्त्रं सांभाळणारा माणूस होता. त्यानं सगळ्यांना अंगणाबाहेर घालवलं, आधी नळीत पाणी सोडलं, बराच वेळ थांबला, मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून आतलं ओढून काढलं. आधी कुजलेली चिंधी आली, मग शिशाचे छर्रे, पुन्हा चिंधी, आणि शेवटी काळा चिखल. तो चिखल म्हणजे दारू. पाण्यानं सोरा विरघळतो म्हणून ती मेली.

आता कायद्याचं बोलू, कारण ते झाल्याशिवाय पुसापुशीला अर्थ नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक ठेवायला परवाना लागतो, आणि परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. सासरे वारले की त्यांचा परवाना सुनेला किंवा नातवाला आपोआप मिळत नाही. बंदूक वेळ न घालवता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि वारसानं आपल्या नावानं परवाना मागायचा. आपल्याकडे हा अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. काकूंच्या सासऱ्यांचा परवाना होता, पण त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाप गेल्यावर सात-बाराचा फेर लगेच होतो, बंदुकीचा कागद पेटीतच राहतो.

आमची तर जुनी आहे, चालतच नाही, मग कशाला परवाना? असं बऱ्याच जणी विचारतात. कायद्यात एक सवलत आहे खरी. जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही वाजणार नाही, त्याला हा कायदा लागत नाही. पण दुरुस्त करूनही, हे शब्द लक्षात घ्या. काकूंची बंदूक गंजलेली होती, तरी घोडा चालत होता, टोपी बसवता येत होती. म्हणजे ती वाजली असती. वाजणार की नाही हे आपण घरी ठरवायचं नसतं, जाणकारानं तपासून लेखी द्यायला हवं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुराणवस्तू कायदाही आहे, अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. भंगारवाला किंवा एखादा मोटारीतून आलेला जुन्या वस्तूंचा व्यापारी भाव सांगायला लागला तर हे आठवा. विना परवाना हत्याराची देवाणघेवाण हा गुन्हा आहे, देणाऱ्याचाही.

आता ती बंदूक आपल्या भागात आली कुठून, तेही सांगावंसं वाटतं. नक्की सांगता येत नाही, आणि तो दोष आमच्या चिंचेचा. पण आपला जालना जिल्हा बंदुकांना अनोळखी नाही. भोकरदनच्या बाजूला असई गाव आहे ना, तिथं २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. शिंद्यांच्या कवायती पलटणींकडे आणि कंपनीच्या शिपायांकडे तेव्हा चकमकीच्या बंदुका होत्या. घोड्याच्या दाताला गारगोटी बांधलेली, ती पोलादावर घासून ठिणगी पडायची. कंपनीच्या बंदुकीची नळी ३९ इंचांची, सव्वातीन फुटांच्या घरात. पावसात ठिणगी पडायची नाही, रंजक भिजायचं. म्हणून पुढं टोपी निघाली. त्यानंतर जालन्यात एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. फौज, निजामाचे अरब आणि रोहिले शिपाई, जमीनदारांचे रखवालदार, यांच्या हातून हातात फिरत अशा बंदुका गावात आल्या.

आणि १९४८. हैदराबाद संस्थानात रझाकारांचा धुमाकूळ, मग १३ सप्टेंबरला भारताची फौज आली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. तोच आपला मुक्तिसंग्राम दिन. त्या लढ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या, बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके होत्या. घोड्यावर बसणाऱ्या, हत्यार चालवणाऱ्या. लोक त्यांना मराठवाड्याची झाशीची राणी म्हणायचे. तेव्हा बंदूक हा बायकांचा विषय नाही असं कुणी म्हटलं तर दगडाबाईंचं नाव सांगा.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की बंदुकीवर कोरलेली अक्षरं म्हणजे तिचा जन्मदाखला असतो. मुकुट, साल, कारखान्याचं नाव, पलटणीचा नंबर, दस्त्यावर ठोकलेले शिक्के. सगळ्यांनी थ्री नॉट थ्री ऐकलीय. पोलिसांच्या खांद्यावर आपण लहानपणापासून बघितली. तिच्या नळीचं भोक इंचाच्या हजार भागांपैकी ३०३ भाग, म्हणून ते नाव. ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात व्हायची. स्वातंत्र्याआधीच्या बंदुकीवर राजाचा मुकुट, नंतरच्यावर अशोकाचे सिंह. एकाच कारखान्यातली, एकाच घडणीची, पण एका शिक्क्यावरून राज्य बदललेलं कळतं. ते पॉलिश पेपरनं घासलं की गेलं. मुंबईच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. आज ती बहुतेक शस्त्रागारात आणि संग्रहालयात आहे. सामान्य माणसाला तो बोर ठेवायची मुभा नसते, म्हणून कुणाच्या घरी दिसली तर काळजीच करा.

आता पुसण्याकडे येऊ. परवाना आहे, बंदूक रिकामी आहे हे जाणकारानं तपासून दिलंय, एवढं झाल्यावरच पुढचं.

लोखंडाला गंज येतो तो हवा आणि पाणी दोन्ही मिळून. त्यात मीठ पडलं की काम दुप्पट वेगानं. आपल्या हाताच्या घामात मीठ असतं. उन्हाळ्यात कुणी बंदूक हातात घेऊन फोटो काढला आणि तशीच टांगली, तर पावसाळ्यात बरोबर बोटांच्या ठशांवर गंज उठतो. आम्ही हे डोळ्यांनी बघितलंय, चार बोटं आणि अंगठा. म्हणून सुती हातमोजे घाला, नाहीतर मऊ कापडानं धरा.

चिंच, लिंबू, ताक, व्हिनेगर, तांब्या-पितळेची पावडर, हे सगळं आंबट किंवा खरबरीत. तांब्याच्या हंड्याला ते चालतं, कारण हंडा आपण रोज घासतो आणि त्यावर लिहिलेलं काही नसतं. लोखंडावर आंबट लावलं की गंजाबरोबर वरचा गडद थरही निघतो. हा काळा-तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे. कारखान्यात मुद्दाम चढवलेला असतो किंवा वर्षानुवर्षं बसलेला असतो, आणि तोच खालच्या लोखंडाला जपतो. आम्ही तो काढला, नळी उघडी पडली, दिवाळीला गंजली. बरोबरच होतं तिचं.

मग गंज ओळखायचा कसा? पांढऱ्या कापडानं हलकं पुसा. कापडाला नारिंगी पूड लागली तर गंज जिवंत आहे. काळसर, घट्ट, कापडाला न लागणारा असेल तर त्याला हात लावू नका. जिवंत गंजावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाका, दिवसभर मुरू द्या, मग जाड सुती कापडानं चोळा. अडून बसला तर बांबूची कामटी घ्या, चाकू नाही, कानस नाही. दोन-चार दिवस हेच करत राहायचं. एका दुपारीत चकाचक करायचा हट्ट धरला की आमच्यासारखं होतं.

तेलाचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच सगळ्या चुकतात. घरात खोबरेल असतं, शेंगदाण्याचं असतं, करडईचं असतं. हात तिकडेच जातो. पण खाण्याची तेलं हवेनं खवट होतात, चिकट होतात, त्यावर धूळ बसते, आणि खवट तेलात आम्ल तयार होतं. शिलाई मशीनमध्ये कधी खोबरेल घालून बघितलंय का? आमच्या एकीनं घातलं होतं. महिनाभरात चाक फिरेना. बंदुकीच्या घोड्याचंही तसंच. लोखंडाला खनिज तेलच हवं, म्हणजे मशीनचं. तेही ओतायचं नाही. कापडाला लावायचं आणि कापड फिरवायचं, इतकं पातळ की बोटाला जेमतेम जाणवेल. जास्त झालं की लाकडात झिरपतं आणि दस्ता मऊ, काळा पडतो.

लाकडाला मात्र जवसाचं तेल चालतं. जवस आपल्या रानातलंच. जवसाचं तेल हवेनं सुकून पातळ पापुद्रा धरतं, म्हणून थ्री नॉट थ्रीच्या दस्त्याला फौजेत वर्षानुवर्षं तेच लावत आले. जे गुण लाकडाला चांगले तेच लोखंडाच्या सांध्याला वाईट, चिकटून बसतं. दस्ता धुवायचा नाही, घासायचा नाही. कोरड्या ब्रशानं धूळ काढा, चार-पाच थेंब जवसाचं तेल तळहातानं चोळा, तासाभरानं उरलेलं पुसून घ्या. एक सावधगिरी. जवसाच्या तेलानं भिजलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतून तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

नळीच्या आतलं काम आपलं नाही. रायफलच्या नळीत आतून पीळ असतो, दोरीला असतो तसा. त्यानं गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते. लोखंडी सळई घालून ओढाताण केली की नळीच्या तोंडाशी पीळ झिजतो. म्हणून फौजेत सळईऐवजी वजन लावलेली दोरी वापरतात, दोरीला कापडाचा तुकडा अडकवून मागून पुढं ओढतात. भाचा सांगत होता, त्या कापडाला तिकडेही चिंदीच म्हणतात. आम्हाला बरं वाटलं. थ्री नॉट थ्रीच्या दस्त्यात मागं एक छोटं झाकण असतं, आत ही दोरी आणि तेलाची पितळी बाटली. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली ती आमच्या लगेच डोक्यात शिरली. जुन्या गोळ्या वाजल्यावर नळीत एक प्रकारचं मीठ उरायचं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून गोळीबार झाला की शिपाई आधी नळीत उकळतं पाणी ओतायचे. पाणी उकळतं अशासाठी की नळी तापते आणि पुसल्यावर पटकन कोरडी होते. मग तेल. लोखंडात पाणी ओतायचं हे ऐकून आम्ही चमकलो, पण लोणच्याची बरणी आपण तेलानं धुतो का? पाण्यानंच धुतो ना.

पूजेचं काय, हा प्रश्न येणारच. पूजा करा. पण ओलं हळद-कुंकू थेट लोखंडावर नको. हळदीत लिंबाचा रस आणि टाकणखार घालून कुंकू करायची जुनी रीत आहे, म्हणजे त्यातही आंबट आलंच, आणि ओल धरून बसतं ते वेगळं. दस्त्याला किंवा खालच्या पाटाला लावा. हार बंदुकीवर न घालता पुढं ठेवा. नारळ फोडायचा तो लांब. आमच्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. त्या म्हणाल्या, देवाला काय हात लावायचा नाही का? मग त्यांनीच तोडगा काढला. बंदुकीवर सुती रुमाल पांघरला आणि रुमालावर कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी रुमाल काढला, तेलाचं कापड फिरवलं, झालं.

ठेवायची जागा. पावसाच्या झडीकडची भिंत नको, ती आतून ओल देते. चुलीच्या धुराची जागा नको. चामड्याच्या पिशवीत किंवा घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. चामडं ओल पितं आणि प्लास्टिक ओल कोंडतं. गोधडीतही नको, कापूस दमट होतो. कुलूपबंद लाकडी कपाटात, हवा खेळेल अशी, लेकरांच्या हाताबाहेर. नव्या बुटांच्या खोक्यात पांढऱ्या मण्यांच्या पुड्या येतात ना, त्या ओल शोषतात, चार-पाच कपाटात टाका. लेकरांना मात्र त्या पुड्या खेळायला देऊ नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांनी बघायचं. वाळवी दस्त्याला लागली तर बाहेरून काहीच दिसत नाही, बोटानं ठोकलं की पोकळ वाजतं.

आणि एक काम सगळ्यात आधी करा, ज्याला ना तेल लागतं ना परवाना. बंदुकीचे मोबाईलवर फोटो घ्या. अक्षरं, शिक्के, नंबर, तुटलेलं-दुरुस्त केलेलं सगळं. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारा, ही कुणी आणली, कधी वाजवली, कुणाच्या हातात होती. वहीत लिहून ठेवा. काकूंच्या घरात आजेसासऱ्यांची गोष्ट सांगणारी आता एकच आजी उरलीय, आणि तिला कधी आठवतं, कधी नाही.

घरात ठेवायची इच्छा नसेल, किंवा परवान्याची दगदग नको असेल, तर पोलिसांमार्फत रीतसर संग्रहालयाचा रस्ताही विचारता येतो. छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेच्या शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात जुनी शस्त्रं मांडलेली आहेत, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आहेत. सहल निघाली तर गटानं जाऊन बघा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तर जुन्या वस्तू जपण्याची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. तिथल्या लोखंडी वस्तू बघाल तर चकचकीत दिसणार नाहीत. काळसर, शांत दिसतात. आम्ही घासली तशी एकही नाही.

काकूंच्या बंदुकीचं काय झालं, ते राहिलं. ती पोलीस ठाण्यात जमा आहे. पावती काकूंनी पिशवीत, आधार कार्डाच्या शेजारी ठेवलीय. त्यांच्या मुलानं वारस म्हणून अर्ज केलाय, सोबत मृत्यू दाखला, जुना परवाना आणि वारसांची संमती जोडलीय. तीन चकरा झाल्या, अजून उत्तर नाही. मिळेल की नाही हे माहीत नाही. या खंडेनवमीला त्यांच्या माजघरात दोन खुंट्याच असतील. परवा त्या ठाण्यात गेल्या होत्या, अर्जाचं विचारायला. निघताना जमादारांना म्हणाल्या, दादा, पावसाळा गेला, तिला कुणी तेल लावलं का? आणि पदराखालून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली. जमादार आधी हसले, मग बाटली घेतली आणि म्हणाले, मावशी, किती थेंब लावायचे ते सांगून जा.